बेसऱ्याच्या गळ्यावरची रेघ

झुलाल मास्तर मुंबईचं पत्र घेऊन रुपचंदच्या फोटोच्या दुकानात शिरले तेव्हा रुपचंद आत अंधारात एका मेलेल्या म्हाताऱ्याच्या फोटोची काच धुवत होता. म्हणून मास्तरांना अर्धा तास बाहेर बाकावर बसावं लागलं, आणि त्या अर्ध्या तासात त्यांनी ते पत्र सात वेळा वाचलं.

मेलेल्या म्हाताऱ्याचं नवल नव्हतं, रुपचंदचा निम्मा धंदाच तो होता. छत्तीस सालच्या धुळ्यात माणूस जिता असेपर्यंत फोटो कुणाला सुचायचा नाही. गेला की घरच्यांना एकदम आठवायचं, की आबांचा एकसुद्धा फोटो नाही, की धावले पाचव्या गल्लीत रुपचंदकडे. मग रुपचंद कॅमेरा आणि त्याचं तीन पायांचं तिकाटणं घेऊन जायचा, आबांना खुर्चीत टेकवून बसवायचा, पागोटं सरळ करायचा आणि तीन सेकंद भिंगाचं झाकण उघडायचा. आबा हलायचे नाहीत. रुपचंद म्हणायचा, गिऱ्हाईक असावं तर असं. पुढचं काम त्याची बायको प्रमिलाबाई करायची. मागच्या खोलीत खिडकीपाशी उतरत्या फळीवर काच ठेवायची आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं आबांचे मिटलेले डोळे उघडायची. जित्या गिऱ्हाइकांचंही तेच. देवीचे वण भरायची, गालाचे खड्डे बुजवायची, गळ्याच्या सुरकुत्या पुसायची. आपल्या दुकानातून कुणी आपलं व्यंग घेऊन बाहेर जायचं नाही, एवढा एकच नियम तिनं धरला होता, पण तो इतका घट्ट, की अर्ध्या धुळ्याच्या भिंतींवरून जी माणसं बघत होती ती तिनं दिलेल्या डोळ्यांनी बघत होती.

तर मास्तर. मास्तरांच्या घरी कुणी नव्हतं. बायको अठरा सालच्या तापात गेली, तेव्हा रुपचंदचं दुकान नव्हतं, म्हणून तिचा फोटोही नव्हता. मास्तर शाळेत शिकवायचे आणि सुट्टी पडली की पाखरं बघत हिंडायचे. पाखरांबद्दल त्यांचं कुणी ऐकत नव्हतं, कारण बारा वर्षांपूर्वी त्यांनी गावभर सांगितलं होतं की पांझरेच्या काठी लाल गळ्याचा कुठलातरी अपूर्व पक्षी आलाय, मोठी माणसं उन्हातान्हात बघायला गेली, आणि ती निघाली घार, आदल्या दिवशी रंगपंचमीच्या हंड्यात पडलेली. तेव्हापासून मास्तरांनी आभाळाकडे बोट केलं की लोक आधी पंचांग बघायचे.

आणि गेली तीन वर्षं मास्तर म्हणत होते की सातपुड्यात, पळासनेरच्या पुढच्या एका नाल्यात, बेसरा आहे.

मुंबईच्या पक्षीमंडळाला त्यांनी अकरा पत्रं घातली. अकराव्याला उत्तर आलं, तेच ते सात वेळा वाचलेलं पत्र. त्यात लिहिलं होतं की आपल्या भागात बेसऱ्याची नोंद नाही, आपण पाहिलेला पक्षी शिक्रा असणार, शिक्रा आपल्याकडे कुठल्याही कडुलिंबावर सापडतो. तरी गळा स्वच्छ दिसेल असा फोटो पाठवल्यास विचार करू.

मास्तरांनी रुपचंदला समजावून सांगितलं. शिक्रा आणि बेसरा दोन्ही ससाण्याच्या जातीतले, दोघं कबुतराएवढे, दोघांची पाठ राखी, दोघांच्या पोटावर तांबूस पट्टे. सगळा फरक गळ्यात. शिक्र्याच्या गळ्यावर असली तर नसल्यासारखी एक पुसट रेघ. बेसऱ्याच्या हनुवटीपासून छातीपर्यंत मात्र शाईत बोट बुडवून ओढल्यासारखी काळी, जाड. ती रेघ फोटोत आली की संपलं. मृगाला मास्तर पेन्शनीत निघणार होते, आणि एवढी एक गोष्ट खरी ठरवून मग निघावं, इतकीच त्यांची मागणी होती.

रुपचंद म्हणाला, "मास्तर, एका रेघेसाठी सातपुड्यात जायचं?"

"तुला चौथीत मी पास केलं होतं," मास्तर म्हणाले, "तेही भूमितीतल्या एका रेघेसाठीच."

मग गेले दोघं. सर्व्हिस मोटारीनं शिरपूर, तिथून बैलगाडी, पळासनेरपासून पायी. चैत्र लागलेला, पळसाची फुलं गळून पडलेली, आभाळ मातकट, आणि वारा असा की कुणीतरी भट्टीचं दार उघडं ठेवलंय. घरटं आमश्यानं हेरून ठेवलं होतं. आमश्याचं शेत त्या नाल्याला लागूनच होतं, आणि मास्तर तीन वर्षं त्याच्याच झोपडीत उतरायचे. पाखराचं नाव काय याच्याशी आमश्याला देणंघेणं नव्हतं. ते त्याच्या नाल्यातलं पाखरू होतं, त्याच्या बापाच्या वेळेपासूनचं, बस. त्यानं घरट्यासमोरच्या सादड्याच्या झाडावर बांबूचा माळा बांधला होता, दोघांपुरता, आणि त्यावर चढले तिघं आणि कॅमेरा.

काचा होत्या सहा.

पहिली काच मादी अंडी उबवत बसली असताना घेतली, आणि तिच्यात फक्त शेपूट आलं. मग दोन तासांनी मादी उठून कडेच्या फांदीवर आली, रुपचंद काळ्या फडक्याखाली गेला, आणि पंधरा वर्षांची सवय, फडक्याखालून मोठ्यानं म्हणाला, "हनुवटी जरा वर, हं, आता हलायचं नाही." मादी उडून गेली. झाकण उघडलेलंच होतं, त्यामुळे एका रिकाम्या फांदीचा अत्यंत सुरेख फोटो आला. ती परत आली तेव्हा तिच्या पायात सरडा होता आणि गळा सरळ समोर, आणि मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी रुपचंदचा दंड धरून हलवला. ती तिसरी. चौथी मात्र नक्की चांगली आली होती. नक्की. रुपचंदनं त्या एका काचेची पेटी बंद करून बाजूला ठेवली, घाम पुसायला वळला, आणि तेवढ्यात मास्तरांनी रेघ आली का बघायला पेटी उघडली. भर उन्हात.

रुपचंदनं मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी पेटीकडे बघितलं. मग त्यांनी पेटी मिटली, जणू आता मिटून उपयोग होता.

पाचव्या काचेला तिकाटण्याचा एक पाय बांबूंच्या फटीत गेला, कॅमेरा कलला, त्याला सावरायला रुपचंद पुढे सरकला आणि मास्तरांनी काढून ठेवलेल्या चष्म्यावर बसला. मास्तरांना लांबचं चांगलं दिसायचं. जवळचं चष्म्याशिवाय काही नाही, स्वतःचा हातसुद्धा धुक्यातून आल्यासारखा दिसायचा. दोन्ही काचांचा चुरा झाला.

तेव्हा आमश्या, जो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, हळूच म्हणाला, "आते बठ्ठा जण मरेल मानूसनामायक बसा."

एवढी एक गोष्ट मात्र रुपचंदला बरोबर कळत होती. तिघंही मेल्यासारखे बसले. मुंग्या चढल्या, तरी बसले. ऊन सरकून रुपचंदच्या टाळूवर आलं, तरी तो बसला. मादी आली. फांदीवर बसली, मान वळवली, हनुवटी वर केली, आणि खुर्चीतल्या आबांसारखी स्थिर झाली. रुपचंदनं झाकण काढलं आणि लावलं.

सहावी.

धुळ्याला पोचल्या पोचल्या रुपचंदनं ती काच धुतली. फोटोच्या काचेत सगळं उलटं दिसतं, काळं ते पांढरं. त्यामुळे ती रेघ गळ्यावर कोरी, लख्ख, आरपार दिसत होती. ती बघायला रुपचंद उभा होता तेवढंच. टाळूवर बसलेलं ऊन आता सगळ्या अंगात उतरलं होतं. काच वाळत ठेवून तो जो आडवा झाला तो कपाळावर कांदा ठेचून बांधलेल्या अवस्थेत चार दिवस बडबडत होता. बडबडीत बेसऱ्याचा उल्लेख नव्हता. तो मेलेल्या म्हाताऱ्यांना नुसतं हनुवटी वर करायला सांगत होता.

आणि दुसऱ्याच दिवशी मास्तर दारात. मंडळाचे सेक्रेटरी उन्हाळ्यासाठी महाबळेश्वरला निघायचे होते, आजचं टपाल गाठलं तरच फोटो त्यांना मिळणार. प्रमिलाबाई म्हणाली, संध्याकाळी या, करून ठेवते.

आता बघा, या सगळ्या प्रकरणात प्रमिलाबाईला कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. अकरा पत्रं, शिक्रा, बेसरा, हे सगळं पुढच्या खोलीत झालं होतं, आणि ती होती मागच्या खोलीत. तिनं काच फळीवर ठेवली. पाखरू गोजिरवाणं होतं. गळ्यावर मात्र एक ओरखडा उभाच्या उभा. ओल्या काचेला नवऱ्याचं नख लागलं असेल, तापात होता बिचारा, असं तिला वाटलं. किंवा पाखराला जन्मापासूनच असेल, तर मग त्याची जास्तच कीव. तिनं काचेला लाखेचा पातळ हात दिला, पेन्सिलीला टोक काढलं, आणि ती रेघ इतकी नाजूक बुजवली, पीस न् पीस जुळवून, की तिथं कधी काही होतं असं देवालासुद्धा सांगता आलं नसतं. वर जाताजाता डोळ्यात एक चमक ठेवली. मग छापाची चौकट उन्हात ठेवून दोन प्रती काढल्या.

संध्याकाळी मास्तरांनी प्रत हात लांब करून धरली, डोळ्यापाशी धरली, पुन्हा लांब केली. चष्मा जळगावला करायला टाकलेला, त्यांना फक्त एक करडा ढग दिसत होता. त्यांनी विचारलं, "वहिनी, गळा नीट आलाय ना?"

"अगदी स्वच्छ, मास्तर."

मास्तरांना पाकिटाची कड दिसेना म्हणून पाकीटसुद्धा प्रमिलाबाईनंच चिकटवून दिलं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. तोवर नवा चष्माही आला होता. पत्रात अभिनंदन होतं. शिक्र्याचा इतका सुंदर फोटो मंडळानं आजवर पाहिला नाही, गळ्यावर रेघेचा मागमूसही नाही, त्यामुळे ओळखीबद्दल शंका उरत नाही, पावसाळ्यातल्या अंकात फोटो छापू, छायाचित्रकारास आमचा नमस्कार सांगावा.

मास्तरांनी आपल्याजवळची दुसरी प्रत भिंग लावून बघितली. गळा धुतल्या कपड्यासारखा. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. मास्तरांना वाटलं, रेघ नव्हतीच. आपणच ती ओढत होतो, तीन वर्षं, लांबून, आपल्याला हवी म्हणून. घार झाली तशीच ही दुसरी घार. त्यांनी पाखरांच्या वह्या बाहेर काढल्या आणि शाईनं एकेक नोंद खोडायला सुरुवात केली, आणि नुसता बेसरा नाही, बेसरा खोटा तर बाकीच्यांचा काय भरवसा, म्हणून हळद्या, नीळकंठ, सगळं खोडत निघाले. शाळेत पोरं त्यांच्या पाठीमागे ससाण्यासारखे हात पसरून चालायची. ती त्या तीन दिवसांत आपणहून गप्प झाली, आणि ते मास्तरांना सगळ्यात जास्त लागलं.

चौथ्या दिवशी ते रुपचंदकडे माफी मागायला आले. रुपचंद उठून बसू लागला होता, तोंड उतरलेलं. मास्तर म्हणाले की तुला उगीच उन्हात मारलं, माझी नजरच खोटी निघाली.

"पण रेघ होती, मास्तर," रुपचंद म्हणाला. "मी काचेत बघितली."

"तापात बघितली असशील."

"ताप नंतर आला. रेघ आधी."

मागच्या खोलीच्या पडद्याआडून प्रमिलाबाई म्हणाली, "रेघ म्हणजे ती गळ्यावरची? ती मी पुसली."

प्रमिलाबाई पडदा सारून बाहेर आली, हातात पेन्सिल. दोघांचे चेहरे बघून तिचाही उतरला.

"अगं, त्या रेघेचा फोटो काढायलाच तर गेलो होतो आम्ही सातपुड्यात," रुपचंद म्हणाला.

"मला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "तुम्ही कांदा बांधून पडलेले. मास्तरांनी विचारलं गळा नीट आलाय का, तर मी नीट केलाच होता. आपल्याकडे आजवर कोण म्हणालंय, माझी खोड तशीच ठेवा म्हणून?"

पुढचं वाक्यही तीच बोलली, आणि ते ऐकून मास्तर बाकावरून उठले. पेन्सिल लाखेवर असते, काचेवर नाही. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की निघून जाते.

तिघंही फळीपाशी गेले. तिनं बोळा फिरवला, एकदा, दोनदा, आणि कोरी, लख्ख, हनुवटीपासून छातीपर्यंत, रेघ परत आली. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते म्हणाले, टर्पेंटाइन फार उग्र आहे.

नवी प्रत गेली, सोबत चार पानी पत्र. मास्तरांनी सगळं खरं लिहिलं. मेलेल्यांचे डोळे, देवीचे वण, कांदा, चष्मा, वहिनींचा नियम, टर्पेंटाइन. रुपचंदला ते वाचून दाखवलं तेव्हा तो खरं म्हणजे जरा घाबरला. सगळं आपल्यासमोर घडलेलं असूनसुद्धा त्याला त्यातलं काही खरं वाटेना. पण मास्तर खुशीत होते. रोज शाळा सुटली की येऊन दुकानाच्या बाकावर पोस्टमनची वाट बघत बसायचे. मधेच पळासनेरहून एक गाडीवान आमश्याचा निरोप घेऊन आला, की तीन पिल्लं निघालीत आणि तिन्ही ओरडतात. मास्तरांनी गाडीवानाला चहा पाजला आणि पिल्लं कशी ओरडतात हे त्याच्याकडून दोनदा करून घेतलं.

वैशाखात एके दिवशी पोस्टमनऐवजी दारात मोटार थांबली. जंगलखात्याचे साहेब उतरले. पुण्याकडचे, मराठी बोलणारे, पाठ सारखी खांबाला घासत होते, घामोळं आलं होतं. मोटारीत मागे बंदुकीची पेटी आणि एक पत्र्याचा डबा, त्यात कापूस, मीठ आणि कातडं टिकवायची भुकटी. त्यांच्या हातात दोन्ही फोटो होते, एक रेघेचा, एक बिनरेघेचा.

त्यांनी सांगितलं ते असं. मंडळ म्हणतं, काच एक आणि फोटो दोन, म्हणजे एकात कुणाचा तरी हात लागलाय. रेघ पुसता येते तशी ओढताही येते. चार पानी पत्र मंडळींनी महाबळेश्वरात जेवताना मोठ्यानं वाचलं आणि फार हसली. तेव्हा आता निकाल कातड्यावर. साहेब या बाजूला फिरतीवर आहेतच, त्यांनी जोडी बंदुकीनं टिपून पाठवावी. फक्त पळासनेरचा तो आमश्या आहे ना, त्याला घरटं विचारलं तर म्हणतो, विसरलो.

"स्वतःच्या शेतालगतचं झाड विसरला," साहेब म्हणाले. "म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही चला दाखवायला."

मास्तर उभे होते ते खाली बसले. त्यांनी विचारलं, नर-मादी दोन्ही? साहेब म्हणाले, दोन्ही, आणि पिल्लं असतील तर एखादं पिल्लू, संग्रहाला बरं पडतं. मास्तरांनी बाकीच्या पिल्लांचं विचारलं. साहेब काही कठोर माणूस नव्हते. ते पाठ घासायचे थांबले आणि म्हणाले की जंगलात कावळे असतात, मुंगसं असतात, फार दिवस काढावे लागत नाहीत त्यांना.

मग साहेबांनी दोन्ही फोटो बाकावर शेजारी शेजारी ठेवले.

"मास्तर, मलाही या उन्हात एवढं लांब जायची हौस नाही. तुम्ही शिक्षक आहात, तुमचा शब्द मी लिहून घेतो. यातला खरा कुठला? हा बिनरेघेचा खरा असेल तर तो शिक्रा, आणि शिक्र्यावर मी काडतूस फुकट घालवत नाही, परत जातो. हा दुसरा खरा असेल तर तो बेसरा. तुमचं नाव होईल, आणि आपण आत्ता निघू."

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. दोन्ही फोटो नीट बघितले, जसे काही पहिल्यांदाच बघत होते. रेघेच्या फोटोवर त्यांची नजर जास्त वेळ राहिली.

"बिनरेघेचा खरा," ते म्हणाले.

रुपचंदला वाटलं, त्यानं चुकीचं ऐकलं. "मास्तर?"

"दुसऱ्यातली रेघ मी ओढायला लावली. मोह झाला, साहेब. शिक्राच आहे तो."

"खोटं आहे हे," रुपचंद म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. "साहेब, मी त्या माळ्यावर मुंग्यांचे चावे खात बसलो होतो. बेसरा आहे तो. गळ्यावर ही एवढी रेघ आहे, काळीकुट्ट. मास्तर, सांगा ना यांना. तीन वर्षं सांगताय जगाला, आज काय झालं?"

"रुपचंदला ऊन लागलं होतं," मास्तर साहेबांना म्हणाले. "चार दिवस बडबडत होता."

"ताप नंतर आला. रेघ आधी," रुपचंद म्हणाला, पण हे साहेबांना कसं कळावं. रुपचंद आत धावला, म्हणाला काचच दाखवतो, मग तर झालं. मागच्या खोलीतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. प्रमिलाबाई पडद्यातून बाहेर आली, पदर सावरत, आणि तिच्यामागून रुपचंद आला, त्याच्या हातात काचेचा एक त्रिकोणी तुकडा, त्यात नुसतं शेपूट.

"हातातून पडली," प्रमिलाबाई म्हणाली. "साहेब, यांचं मनावर घेऊ नका. मास्तर म्हणाले एक रेघ ओढून द्या वहिनी, मी दिली. आमच्याकडे लोक सांगतील तसं करून देतो आम्ही. मेलेल्यांचे डोळे उघडून देतो, तिथं पाखराला रेघ म्हणजे काय."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग भिंतीवर लावलेल्या आबा लोकांच्या टक्क डोळ्यांकडे बघितलं, आणि त्यांची खात्री पटली. ते जरा ओशाळलेही. त्यांनी कागद मागितला. मास्तरांनी वळणदार अक्षरात, पोरांना शुद्धलेखन घालतात तसं, लिहून दिलं की सातपुड्यातला तो पक्षी शिक्रा असून दुसऱ्या फोटोतली रेघ बनावट आहे, ती माझ्या सांगण्यावरून ओढली, मंडळास झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. खाली सही. त्याच्या खाली प्रमिलाबाईची सही, सावकाश, अक्षर अक्षर जोडून. रुपचंदनं सही करायला नकार दिला. त्याची कुणी मागितलीही नव्हती.

साहेबांनी चहा घेतला. निघताना मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. शिक्राही चांगला पक्षी आहे."

"हो," मास्तर म्हणाले, "चांगलाच आहे."

मोटार गेली. धुरळा बसेपर्यंत तिघंही दारात उभे राहिले. मग रुपचंद बाकावर बसला आणि त्यानं तोंड ओंजळीत धरलं. मास्तर त्याच्या शेजारी जाऊन बसले. प्रमिलाबाई आत जाऊन काचा झाडू लागली.

मृगाला मास्तर पेन्शनीत निघाले. शाळेत समारंभ झाला, त्यात पाखरांचा विषय कुणी काढला नाही. पावसाळ्यात मंडळाचा अंक आला. त्यात अख्खं पान भरून तो फोटो, बिनरेघेचा, डोळ्यात प्रमिलाबाईची चमक, खाली छापलेलं, शिक्रा, सातपुडा, आणि रुपचंदचं नाव. लोक अभिनंदन करायला दुकानात यायचे. जो यायचा त्याला रुपचंद खांद्याला धरून बाकावर बसवायचा आणि पहिल्या काचेपासून सुरू करायचा, की हा शिक्रा नाही, हा बेसरा आहे, आणि कसा आहे ते ऐका. शहाणी माणसं ऐकून घ्यायची, मान हलवायची, आणि बाहेर पडून मास्तरांच्या ओट्यावर जाऊन विचारायची. मास्तर म्हणायचे, शिक्राच हो, रुपचंदला पाखरातलं काय कळतं. एवढं बोलून ते सातपुड्याच्या बाजूला बघत बसायचे.

तीन वर्षं अख्ख्या धुळ्यात तो बेसरा आहे हे ठाऊक असलेला एकच माणूस होता. आता तिघं झाले होते. त्यातल्या दोघांनी तो शिक्रा असल्याचं सहीनिशी लिहून दिलं होतं, आणि तिसऱ्याचं कुणी ऐकत नव्हतं.